चर्चासमूहाचा कारभार : अग्रक्रमाचा विचार

आंतरजालावर एखादा चर्चासमूह उभा करणे हे आज अर्ध्या तासाचे काम झाले आहे. परंतु तो समूह पाच-दहा वर्षे नांदता ठेवणे, तेथे जाणकार माणसांनी पुनःपुन्हा येऊन लिहीत राहावे अशी परिस्थिती टिकवणे, हे काम मात्र पूर्वीइतकेच कठीण राहिले आहे. त्याचे कारण उघड आहे. अशा समूहाचा कारभार पाहणारी माणसे बहुधा दोन-चार असतात, ती आपापला चरितार्थ सांभाळून फावल्या वेळात हे काम करतात, आणि त्यांच्यापुढे येणारी कामे मात्र दहा दिशांनी एकाच वेळी येतात: कोणाचा पासवर्ड हरवलेला असतो, कोणी दुसऱ्याच्या धाग्यावर अवांतर प्रतिसादांचा भडिमार केलेला असतो, कोणाला मुखपृष्ठाचा रंग बदलून हवा असतो, एखाद्या जुन्या सदस्याने रागाच्या भरात निरोपाचा लेख टाकलेला असतो, आणि सर्व्हरचे भाडे भरण्याची मुदत उद्याच संपणार असते. यांतील प्रत्येक काम ते मागणाऱ्याच्या दृष्टीने तातडीचेच असते. आणि जो चालक ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी, या क्रमाने कारभार हाकतो, त्याचा समूह थोड्याच काळात मोठ्या आवाजाच्या माणसांचा होऊन बसतो.

तेव्हा कोणते काम आधी करावे, कोणते मागे ठेवावे आणि कोणते मुळीच हाती घेऊ नये, हे ठरवण्यासाठी काही एक कसोटी हवी. माझ्या मते ती कसोटी एकच आहे. प्रत्येक समूहात इतरांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरे देणारी, संदर्भ शोधून आणणारी आणि मतभेद असूनही सभ्यतेने लिहिणारी अशी थोडी माणसे असतात. हाती असलेल्या कामाने या माणसांचा वेळ आणि त्यांची इच्छा राखली जाते की खर्ची पडते, एवढेच पाहावे. ही माणसे किती थोडी असतात याचे एक स्थूल अनुमान संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडले होते: शंभर सदस्यांपैकी नव्वद केवळ वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक सारे लेखन उरलेल्या एकाच्या हातून होते. हे प्रमाण ठिकाणपरत्वे बदलेल. पण ज्याने कोणी असा समूह जवळून पाहिला आहे, त्याला त्यातील तथ्य पटल्यावाचून राहणार नाही. सदस्यसंख्या दहा हजारांवरून वीस हजारांवर गेली आणि त्याच काळात उत्तरे देणारी पाच माणसे निघून गेली, तर त्या समूहाची वाढ झाली असे म्हणता येत नाही. वाचनमात्र राहणारे शेकडा नव्वद लोकही अखेर त्याच पाच जणांचे लेखन वाचण्यासाठी आलेले असतात.

ही कसोटी लावली की पहिला अग्रक्रम आपोआप ठरतो: समूहाचे रक्षण करण्याचे साधन चालकाच्या हाती असणे, आणि ते समूहाचे दार उघडण्यापूर्वी असणे. या बाबतीत कॅलिफोर्नियातील कम्युनिट्री या अगदी आरंभीच्या प्रयोगाची कथा अभ्यासण्यासारखी आहे. १९७८ साली सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात हा चर्चाफलक सुरू झाला. घरातील संगणक टेलिफोनच्या तारेला जोडून त्यावर निरोप ठेवायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर जोडायचे, आणि अशा रीतीने एका विषयातून शाखा फुटत जाव्यात, अशी त्याची रचना होती. ज्यांनी तो उभारला ते उदार विचारांचे लोक होते. अभिव्यक्तीवर कोणाचाही अंमल असू नये या श्रद्धेपोटी त्यांनी आज्ञावलीच अशी लिहिली होती की येणारा निरोप अडवण्याचा किंवा झटपट काढून टाकण्याचा सुलभ मार्ग चालकालाही ठेवला नव्हता. पहिली काही वर्षे समविचारी माणसांत हे निभावले. पुढे शाळाशाळांतून संगणक आणि मोडेम पोहोचले, किशोरवयीन मुलांना या फलकाचा क्रमांक सापडला, आणि त्यांनी शिवीगाळीने व निरर्थक मजकुराने त्याची डिस्क भरून टाकण्याचा सपाटा लावला. एक दिवस साफ करावी तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरलेली. १९८२ च्या सुमारास हा प्रयोग आटोपला. त्या मुलांजवळ काही अलौकिक सामर्थ्य होते असे नाही. त्यांना अडवण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता, आणि ज्यांनी तो अधिकार निर्माण करायचा ते तत्त्वाने त्यापासून दूर राहिले होते.

पण केवळ अधिकार असून भागत नाही, हे त्याच देशातल्या दुसऱ्या एका समूहाच्या इतिहासावरून दिसते, आणि तो इतिहास मला अधिक बोधप्रद वाटतो. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात काम करणाऱ्या पाव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये लॅम्डामू नावाची एक शब्दमय वसाहत निर्माण केली. तेथे चित्रे नव्हती. एका विस्तीर्ण घराच्या दालनांची वर्णने होती, आणि जगभरातून जोडले जाणारे लोक स्वतःला एखादे नाव व रूप देऊन त्या दालनांतून वावरत, बोलत, नव्या वस्तू व नव्या खोल्या रचीत. आज्ञावलीवर संपूर्ण ताबा असलेल्या मोजक्या चालकांना तेथे जादूगार म्हणत. लोकसंख्या वाढू लागली तसे तंटे वाढले, आणि प्रत्येक तंट्याची फिर्याद जादूगारांकडे येऊ लागली. या न्यायदानाला कंटाळून डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की यापुढे जादूगार केवळ यंत्राची देखभाल करतील; सामाजिक स्वरूपाचे निर्णय रहिवाशांनी आपसांत घ्यावेत. वर वर पाहता हा निर्णय लोकशाहीला धरूनच होता. परंतु निर्णय घेण्याची कोणतीही रीत मात्र रहिवाशांच्या हाती दिलेली नव्हती.

पुढील वसंतात तेथे एक प्रकार घडला. एका सदस्याने एक छोटी आज्ञावली वापरून, दिवाणखान्यात सर्वांच्या देखत, इतर सदस्यांच्या पात्रांच्या नावावर लैंगिक अत्याचाराची बीभत्स वर्णने उमटवली. ती वाचणाऱ्याला ती पात्रे स्वतःच तसे वागत आहेत असा भास व्हावा, अशी त्या आज्ञावलीची करामत होती. ज्यांच्या नावांचा असा दुरुपयोग झाला त्यांना झालेला क्लेश खरा होता, आणि गुन्हेगाराला काढून टाकण्याची मागणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. एका सायंकाळी सभा भरली, सुमारे तीन तास चालली, त्यात मालमत्ता, शिक्षा, देह आणि शब्द यांच्या संबंधावर पुष्कळ विचक्षण बोलणे झाले, आणि निर्णय काहीही झाला नाही. कारण निर्णय कशाला म्हणायचे हेच ठरलेले नव्हते. सभा पांगल्यावर एका जादूगाराने आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर त्या पात्राचे अस्तित्व पुसून टाकले. काही दिवसांनी तोच मनुष्य दुसरे नाव घेऊन परत आला. ज्यूलियन डिबेल या पत्रकाराने डिसेंबर १९९३ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ही हकीकत लिहिली, तेव्हापासून आंतरजालीय समाजाच्या अभ्यासकांत ती वारंवार चर्चिली जाते.

कर्टिस यांनी नंतर अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली: पुरेशा सह्या मिळालेला अर्ज मतदानास जाई, आणि दोनास एक अशा बहुमताने तो संमत झाल्यास जादूगारांनी त्याची अंमलबजावणी करायची. परंतु १९९६ मध्ये चालकांनी पुन्हा नवे निवेदन काढले आणि कबूल केले की तांत्रिक काम आणि सामाजिक निर्णय यांच्यामध्ये आखलेली रेघ टिकणारी नव्हती, व ते यापुढे आवश्यक तेथे हस्तक्षेप करतील. चार वर्षांच्या या फेऱ्यातून काय निष्पन्न होते? ज्याच्या हाती सर्व्हरची किल्ली आहे त्याला राज्यकारभारापासून अलिप्त राहताच येत नाही. त्याने काही केले तर तो निर्णय असतो, आणि काही न केले तर तोही निर्णयच असतो, व त्याचा लाभ जो अधिक निर्ढावलेला त्याला मिळतो. म्हणून नव्या समूहाच्या चालकाने पहिल्या महिन्यातच, कोणतेही भांडण सुरू नसताना, तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: धागा बंद करण्याचा किंवा प्रतिसाद उडवण्याचा अधिकार कोणाला आहे, त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल. भांडण पेटल्यावर लिहिलेला नियम, तो कितीही न्याय्य असो, एका पक्षाला आपल्याविरुद्ध लिहिलेलाच वाटतो.

नियम किती असावेत याविषयी मात्र फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियातच १९८५ मध्ये स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी सुरू केलेल्या वेल या समूहाचे मुख्य सूत्र एवढेच होते की आपल्या शब्दांचे धनी आपणच. लिहिणाऱ्याचे खरे नाव इतरांना पाहता येत असे, सदस्यत्वाला वर्गणी पडे, आणि प्रत्येक विषयदालनाला एक यजमान नेमलेला असे. सूत्र छोटे होते, पण प्रत्येक दालनात ते पाळून घेणारा एक जिवंत माणूस उपस्थित होता, ही गोष्ट महत्त्वाची. नियमांची फेरिस्त चाळीस कलमांची आणि ती पाहणारा माणूस महिन्यातून एकदा उगवणारा, अशा उलट व्यवस्थेने कोणाचे कल्याण झालेले मला तरी दिसत नाही.

शिक्षेच्या बाबतीत एलिनॉर ऑस्ट्रम यांच्या संशोधनाचा उपयोग होतो. सामाईक कुरणे, जंगले आणि पाटपाणी यांची व्यवस्था लोक पिढ्यान् पिढ्या कशी राखतात, हा त्यांचा विषय; त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९० साली आला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना काही समान लक्षणे आढळली: सभासद कोण व कोण नाही याची स्पष्ट सीमा, देखरेख करणारे लोक सभासदांपैकीच किंवा त्यांना जबाबदार असलेले, तंटा सोडवण्याची स्वस्त व जवळची जागा, आणि पहिल्या चुकीला सौम्य व पुनरावृत्तीला चढत जाणारी शिक्षा. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे पाण्याचे तंटे मिटवणारे मंडळ शतकानुशतके दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी उघड्यावर बसते, आणि सुनावणी तोंडी होऊन तेथल्या तेथे निकाल लागतो. धुळे-नाशिककडील फड पद्धतीतही पाणी सोडणारा पाटकरी असतो, शेतकरी आपल्या हाताने दार उघडत नाही. चर्चासमूहात पाण्याच्या जागी वाचकाचे अवधान आहे. तेही मर्यादित असते. एकाने दहा धागे एकाच दिवशी वर आणले की दुसऱ्याचा चांगला धागा खाली बुडतो. म्हणून अशा सदस्याला प्रथम खाजगी निरोप, मग जाहीर समज, मग आठवड्याची लेखनबंदी, आणि अखेरीस हकालपट्टी, हा शिरस्ता न्याय्यही आहे आणि व्यवहार्यही. एकदम हकालपट्टी केल्यास तो मनुष्य डुप्लिकेट आयडी घेऊन परत येतो आणि सहानुभूती बरोबर घेऊन येतो.

समूह मोठा झाला की दोन-चार चालकांना सारे वाचणे अशक्य होते. अमेरिकेतील स्लॅशडॉट या तंत्रविषयक समूहाने १९९७ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यावर जो उपाय काढला, तो कल्पकतेचा नमुना आहे. नियमित वाचकांपैकी काहींना यंत्रच अधूनमधून निवडून पाच गुण देई. ते त्यांनी थोड्या दिवसांत चांगल्या प्रतिसादांना वर किंवा वाईटांना खाली नेण्यासाठी वापरायचे, न वापरल्यास ते लयाला जात. प्रतिसादाची श्रेणी उणे एकपासून पाचपर्यंत असे, आणि किती श्रेणीच्या खालचे आपल्याला दिसू नये हे प्रत्येक वाचक स्वतः ठरवी. त्यामुळे बहुतेक प्रसंगी काही पुसण्याची गरजच पडत नसे. ज्या चर्चेत आपण स्वतः लिहिले आहे तीत गुण देता येत नसत, आणि दिलेले गुण योग्य होते काय हे तपासणारी दुसरी पायरीही होती. पक्षकार आणि न्यायाधीश एकच नसावा हे जुने तत्त्व येथे यंत्राच्या रचनेतच गोवले होते. मेटाफिल्टर या समूहाने आणखी एक शहाणपण दाखवले: समूहाच्या कारभाराविषयीची चर्चा करण्यासाठी त्याने वेगळे दालन ठेवले, जेणेकरून पाककृतीच्या किंवा पुस्तकाच्या धाग्यावर संपादकांच्या पक्षपाताची तक्रार सुरू होऊन मूळ विषय वाहून जाऊ नये. मराठी विकिपीडियावरील चावडी हे याच जातीचे स्थान आहे.

यापुढचा अग्रक्रम नवागतांचा; आणि येथे तोल सांभाळणे सर्वांत अवघड. १९८० मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना येथील विद्यापीठांत सुरू झालेल्या यूजनेट या चर्चाजालात दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांतून नव्या विद्यार्थ्यांची लाट येई, तेच प्रश्न पुन्हा विचारी, आणि महिन्या-दोन महिन्यांत जुन्यांच्या संगतीने तिला तेथील रीतभात अंगवळणी पडे. नित्य विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ती ठरावीक काळाने प्रसृत करण्याची प्रथा याच काळात रुजली. १९९३ पासून मात्र व्यापारी कंपन्यांच्या द्वारे सामान्य ग्राहकांचा ओघ वर्षभर येऊ लागला, आणि जुन्या मंडळींनी खेदाने म्हटले की या सप्टेंबरला आता अंत नाही. नवागत वाईट नव्हते; त्यांना शिकवणाऱ्यांच्या मानाने त्यांची संख्या फार मोठी झाली होती. म्हणून प्रवेशाचा वेग हा शिकवणाऱ्यांच्या शक्तीवरून ठरवावा, आणि प्रसंगी दार काही काळ लोटून घेण्यात संकोच बाळगू नये. मेटाफिल्टरने २००४ पासून नव्या सदस्याकडून एकदाच पाच डॉलर घेण्यास आरंभ केला, तो मुख्यतः हा ओघ आवरण्यासाठी.

याच्या उलट टोकाचा दोषही तितकाच खरा आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या संगणकविषयक प्रश्नोत्तरांच्या समूहाने उत्तराच्या गुणवत्तेला सर्वोच्च स्थान दिले, पूर्वी विचारला गेलेला प्रश्न तत्काळ बंद करण्याची शिस्त लावली, आणि त्यातून जगभरच्या प्रोग्रामरांना उपयोगी असा मोठा ज्ञानसंचय उभा राहिला. परंतु २०१८ मध्ये त्याच्याच चालकांना जाहीरपणे लिहावे लागले की नवख्यांना, विशेषतः उपेक्षित वर्गांतील लोकांना, हे स्थान रुक्ष आणि परके वाटते. जाणकारांचा वेळ राखणे म्हणजे नवख्याचा अपमान करणे नव्हे. जुन्या धाग्याचा दुवा देताना एक वाक्य सौजन्याचे लिहिले, तर त्याला दहा सेकंद लागतात. आणि आज प्रश्न विचारणारांपैकीच एखादा पाच वर्षांनी उत्तरे देणारा होणार असतो.

मराठी समूहांच्या आरंभी अग्रक्रम काहीसे निराळे होते. मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा परदेशी विखुरलेल्या मराठी माणसाला आपल्या लिपीत लिहिता येणे हाच पहिला प्रश्न होता, कारण युनिकोडचा प्रसार पुढे व्हायचा होता. देवनागरी टंकनाची सोय करून देणे हे तेथे नियमावलीइतकेच मूलभूत काम होते. पुढे मनोगत या संकेतस्थळाने शुद्धिचिकित्सक उपलब्ध करून दिला, तेव्हा शुद्ध लेखनाला आपण वरचे स्थान देतो हे त्याने कृतीने सांगितले, आणि तशा आवडीचे लोक तेथे जमले. मायबोलीच्या हितगुज दिवाळी अंकासारखे उपक्रम हेही मला निव्वळ हौसेचे वाटत नाहीत. वादाच्या धाग्यावर एकमेकांशी भांडलेली माणसे अंकाच्या मुद्रितशोधनासाठी एकत्र बसतात, तेव्हा त्यांच्यात जो स्नेह निर्माण होतो तो पुढच्या वादाची धार बोथट करतो. वेळ थोडा असला तरी वर्षातून एक सामायिक काम चालकाने अवश्य योजावे.

पैसा आणि कायदा यांविषयी थोडक्यात सांगता येईल. सर्व्हरचा वार्षिक खर्च सदस्यांपुढे उघड मांडावा. जाहिरातींवर विसंबलेल्या समूहाला वाचनसंख्येचा मोह पडतो, आणि भांडणाचे धागे सर्वाधिक वाचले जातात. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ७९ वे कलम इतरांच्या लेखनाबद्दल चालकाला सशर्त संरक्षण देते. २०२१ चे नियम आले तेव्हा तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवारण १५ दिवसांत, अशी मुदत त्यांत घातली होती. असल्या मुदती पुढे बदलत राहतात, म्हणून चालकाने वर्षातून एकदा तरी नियम ताजे वाचावेत, आणि तक्रारींची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

एक काम असे आहे की ते कोणी मागत नाही, त्याविषयी कोणी तक्रार करीत नाही, आणि म्हणून ते सर्वांत शेवटी राहते: दप्तराचे जतन. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहूने आपल्या समूहांवरील साठवलेला मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकला. भारतात या दोन्ही ठिकाणी असंख्य गट नांदत होते, आणि त्यांत मराठी मंडळींच्या गप्पा, शोध, वाद आणि आठवणी वर्षानुवर्षे साठल्या होत्या. मुदतीची सूचना दिली गेली होती; परंतु गटाचा मूळ चालक केव्हाच निघून गेलेला, त्याच्या ईमेलचा पासवर्ड कोणाजवळ नाही, आणि उरलेल्यांपैकी प्रत जतन करण्याचा अधिकार कोणाला नाही, अशी स्थिती असेल तेथे सूचनेचा उपयोग तो काय? ज्यांनी पदरचा वेळ घालून उत्तरे लिहिली त्यांच्या श्रमांची किंमत राखायची, तर दर सहा महिन्यांनी संपूर्ण मजकुराची एक प्रत काढून ती दोन वेगवेगळ्या शहरांतील दोन माणसांकडे ठेवावी, डोमेन नावाची नोंदणी आणि सर्व्हरच्या किल्ल्या किमान दोघांच्या नावे असाव्यात, आणि चालक निवृत्त झाल्यास कारभार कोणाकडे जाईल हे नाव समूहाला आधीच कळवलेले असावे.